इथं पाला वाळत नाही

एर्नाकुलम, १७ मार्च

पुनम वहिनींना खेमाचा नमस्कार.

तुम्ही सांगितलं होतं तसं कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवत आहे. औंढ्याच्या स्टँडवर तुम्ही म्हणालात, "भावजी, फोनवर तुमी सगळं बराबर हाय म्हणता. घर जळून राहिलं तरी बराबर हायच म्हणाल. कागदावर लिहा. खोडलं तर निदान खोडलेलं दिसन मला." तुमची भावजय बाजूला उभी होती, ती हसली. मीही हसलो. गाडीत बसल्यावर मात्र ते मनाला लागलं.

नववीनंतर एवढं सलग लिहायची वेळ आली नव्हती. अक्षर लागलं नाही तर विचारा. एक पेन बंद पडला तर दुसरा असावा म्हणून दोन घेतले आहेत.

माझं काम मी विसरलेलो नाही. दादाला शोधायचं, आणि तो घरी येतो की नाही हे आखितीच्या आधी तुम्हाला कळवायचं. आखितीला तुमचे भाऊ दुसऱ्या घरासाठी पाहुणे बोलावणार आहेत, हे ध्यानात आहे. तुमचा करण गेला त्याला दोन वर्षं झाली आणि दादा घर सोडून गेला त्यालाही जवळपास तेवढीच. तुमच्या भावांचं मी चुकीचं म्हणत नाही. बापूंना यातलं काही बोललो नाही. पोरगं हळदीचा भाव बघायला गेलंय, असं ते तांड्यात सांगत असतील.

रेल्वेत झोप लागली नाही. सकाळी खिडकीतून पाहिलं तर पाणीच पाणी आणि त्या पाण्यात नारळ उभे. शहर पाण्यात आहे, वहिनी. आपण कनेरगाव नाक्यावरून जीपमध्ये बसतो तसे हे लोक बोटीत बसून कामाला जातात. फक्त बोटीला मागं लटकू देत नाहीत. मी काठाला घट्ट धरून बसलो होतो. शेजारच्या शाळेच्या मुली माझ्या हाताकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या.

समुद्राच्या काठी लाकडाच्या खांबांवर मोठाली जाळी टांगलेली आहेत, एकेक आपल्या घरापेक्षा उंच. दोराला दगड बांधलेले असतात. पाच-सहा माणसं दोर ओढतात आणि अख्खं जाळं पाण्यातून वर येतं. मी पाहिलं तेव्हा एवढ्या मोठ्या जाळ्यात मूठभर मासे निघाले. ओढणारे जराही नाराज झाले नाहीत, लगेच जाळं पुन्हा खाली सोडलं. एकाने मला हाक मारून दोर हातात दिला. ओढला. हाताला फोड आला आहे, म्हणून ही ओळ वाकडी दिसते.

त्याच्या पुढे जुन्या वखारी आहेत. आलं, मिरी, हळद. एका वखारीच्या दारात मी उगाच थांबलो. वास आपला होता. आत गोण्यांवर हिंगोलीचं नाव पण होतं.

दादा दोन वर्षांपूर्वी ट्रकबरोबर इथेच उतरला होता. वखारीच्या मुकादमाला फोटो दाखवला तर त्याने लगेच ओळखलं. दादाने इथे महिनाभर पोती उचलली आणि मग डोंगराकडच्या एका बागेत कामाला गेला, असं म्हणाला. पत्ता मिळाला आहे. उद्या जातो.

बाकी सगळं बराबर आहे. (हे खोडणार होतो. राहू दिलं.)

खेमा


१९ मार्च

वहिनी,

बाग पाहून आलो.

शहरातून बसने दोन तास लागतात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. एका म्हाताऱ्या बाईंची बाग आहे, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. जिथे बारा महिने पाऊस पडतो अशा दूरदूरच्या देशांतल्या जंगलांची झाडं त्यांनी आणून लावली आहेत. लोक तिकीट काढून बघायला येतात. दारावर हरिचंद नावाचा झारखंडचा माणूस आहे. त्याच्याशी हिंदीत बोललो, त्याने आत सोडलं.

वर दोन ओळी खोडल्या आहेत. शाई पसरली होती.

आत गेल्यावर पहिल्यांदा दम लागल्यासारखं होतं. हवा ओली असते. शर्ट अंगाला चिकटतो. आपल्याकडे आत्ता रानात पाय ठेवला की धूळ उडते. इथे पायवाटेच्या दगडावरसुद्धा शेवाळ आहे आणि त्या शेवाळावर दुसरं काहीतरी उगवलेलं आहे.

एक कैलासपतीचं झाड आहे. त्याची फुलं फांदीला लागत नाहीत, थेट खोडातून निघतात, अगदी माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीपासून. फुलाच्या मध्ये पिंड असते आणि वर नागाने फणा धरल्यासारखी पाकळी. नागनाथाच्या गावच्या माणसाने बघावं असं आहे. तुम्ही असता तर तिथेच चप्पल काढून ठेवली असती. फळ मात्र तोफेच्या गोळ्याएवढं, आणि फुटलं की घाण वास. देवपण सगळं फुलातच संपलं.

एका वेलीला पानांच्या टोकाला झाकण असलेले तांबे लटकतात. आत पाणी असतं. माशी पाणी प्यायला जाते, ती तिथेच. न बोलावता जेवायला जाणाऱ्याचं असंच व्हायला पाहिजे.

एक ताड आहे, त्याची मुळं जमिनीच्या वर काठ्यांसारखी फाकलेली आहेत. बघितलं की वाटतं, आत्ता लुगडं वर धरून ओढा ओलांडणार.

एका मोठ्या झाडाला दुसऱ्या झाडाने पूर्ण वेढलं आहे. पक्ष्याने वर खांद्यावर कुठेतरी बी टाकलं असेल. तिथून ते मुळं खाली सोडत आलं, मुळं जमिनीला लागली, आणि मग त्याने आतल्या झाडाला आवळलं. आतलं झाड आता नाहीच, नुसती पोकळी आहे. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याने चहा पिता पिता सातबारा नावावर करून घ्यावा, तसं.

हळदीच्या जातीची पण झाडं आहेत. पान बघून मी थांबलोच. आपल्या सेलम हळदीसारखंच पान, पण झाड माणसाच्या दुप्पट उंच. फूल पानांच्या मधून येत नाही, बाजूला जमिनीतून वेगळी काठी निघते आणि तिच्या टोकाला लाल मशाल. पान चुरगळून वास घेतला. हळदीचा नव्हता, पण हळदीच्या भावकीतला होता.

इथे पाला वाळत नाही. आपण पाला वाळला की हळद पिकली म्हणतो, पाला कापतो, काही दिवस जाऊ देतो आणि मग खणायला घेतो. इथे एक पान म्हातारं होईपर्यंत दुसरं आलेलं असतं. वर्ष संपलं हे झाडाला कळतच नाही. फागुन आला काय अन् गेला काय.

त्या झाडांच्या शेजारी एक वाफा मोकळा आहे. त्यात काही लावलेलं नाही.

दादाचा अजून पत्ता लागलेला नाही. शोधतो आहे.

खेमा


२० मार्च

वहिनी,

तुम्ही फोनवर पाठवलेला आवाज सकाळी ऐकला. लॉजच्या जिन्यावर बसून ऐकला, मग पुन्हा ऐकला. "भावजी, झाडं लई चांगली हायत. पण पाहुणा अन् सातबारा, हे बोलणं तुमचं न्हाई. तुमी जल्मात कोणाला टोमणा मारला न्हाई. हे बोलणारं माणूस मला ठावं हाय. भेटले ना ते?" आणि शेवटी, "शाई पसरली म्हणं."

भेटला. परवाच भेटला. खोडलेल्या ओळी त्याच्याबद्दलच होत्या.

हरिचंदला फोटो दाखवल्यावर तो म्हणाला, "अरे, ये तो लालसिंग भाई है. अंदर पाइप लेके घूम रहा होगा." दादा मोठमोठ्या पानांवर पाणी मारत होता. मिशी काढली आहे. वाळला आहे, पण आजारी नाही. मला बघून त्याने पाइप खाली ठेवला नाही. पाणी त्याच्या पायावर पडत राहिलं. आधी त्याने विचारलं, "हळद निघाली का?"

मी म्हणालो, "निम्मी निघाली."

"शिजवायला कुकर कोणाचा?"

"तोच, दरवर्षीचा."

मग त्याने पाइप ठेवला आणि मला बाग दाखवायला घेऊन गेला, जणू मी तिकीट काढून आलो होतो. सगळी झाडं त्यानेच दाखवली. नावं त्याची, चेष्टा त्याची. मी फक्त लिहिलं. एवढा वेळ तो हसत होता, वहिनी, म्हणून मला वाटलं आता येतोच घरी.

मोकळ्या वाफ्यापाशी आल्यावर मी विचारलं, इथे काय होतं? तो पुढे निघून गेला. ते मला नंतर हरिचंदने सांगितलं, चहा पिताना.

त्या वाफ्यात मॅडमनी कुठल्यातरी बेटावरून आणलेली झाडं होती, हळदीच्याच जातीची, इथे दुसरीकडे कुठेही नव्हती. गेल्या वर्षी त्यांची काही पानं करपली. हरिचंद म्हणाला, "एक दिन सुबह आके देखा तो पूरी क्यारी साफ. तेरा भाई बीच में बैठा है, हँसिया हाथ में. मैंने बोला, अबे ये क्या किया? बोला, पत्ता सूख गया था, काट दिया. अब थोड़े दिन में खोदेंगे. बड़े आराम से बोला, जैसे अपने खेत में बैठा हो."

कोणता महिना होता, हे मी विचारलं. होळीच्या आधीचे दिवस, म्हणाला.

ती झाडं कापायची नसतात. कापलेल्या दांड्यांतून पावसाचं पाणी आत गेलं आणि सगळे गड्डे कुजले. मॅडम ओरडल्या नाहीत. वाफ्याच्या कडेला खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. दादा रोज म्हणायचा, "पाला येईन पुन्हा, गड्डा जिता हाय." कोंब आले नाहीत. मॅडमनी त्याला काढलंही नाही, आणि त्या वाफ्यात दुसरं काही लावूही दिलं नाही.

दुपारी पत्र्याखाली बसून जेवलो तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तुम्ही औंढ्याला आहात, आखितीला पाहुणे येणार आहेत, तुम्ही मला पाठवलं आहे. तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "खेमा, लिही, सापडला न्हाई म्हणून."

मी म्हणालो, "मला खोटं लिहिता येत न्हाई."

"मंग झाडांचं लिही."

म्हणून झाडांचं लिहिलं, आणि शेवटी पत्ता लागला नाही हे खोटंही लिहिलं. चुकलं माझं.

तो न येण्याचं कारण त्याने सांगितलं ते लिहितो, खाडाखोड न करता. तो म्हणाला, "तिकडं हळद शिजायचा वास आला की मला पोरगं दिसतं. इथं पाला वाळत न्हाई, कोणी कापत न्हाई, कोणी शिजवत न्हाई. इथं मला झोप लागते."

त्या दिवशी मी पण रानात होतो, वहिनी. कुकरखाली जाळ मीच घालत होतो. गावात कुकर एकच, आणि पाळी सोडली की पुन्हा पंधरा दिवस यायचा नाही, तोवर खणलेली हळद खराब होणार. तुम्ही करणला घेऊन बांधावर उभ्या होता. "अंग तापून राहिलं, चला" असं दोनदा ओरडलात. दादा म्हणाला, "एवढी खेप उतरू दे." मग मोटारसायकलवर तुम्ही तिघं निघालात आणि हिंगोली यायच्या आधीच.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तेराव्यानंतर तुम्ही त्याला म्हणालात, "माझ्यासमोर येऊ नका." तो समोर आला नाही.

तुम्हाला त्याच्यासाठी काही सांगायचं असेल तर पाठवा. मी परवापर्यंत इथेच आहे.

खेमा


२२ मार्च

वहिनी,

तुमचा आवाज मी त्याला ऐकवला. काल दुपारी, मॅडम आत झोपल्या होत्या तेव्हा. मी स्वतः ऐकावा की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. तो म्हणाला, तू पण बस.

तुम्ही म्हणालात, "आवं, मी बोलते. तुमी मनाला लई लावून घेतलं. पण त्या दिशी मीच म्हणले होते ना, एवढी खेप होऊ द्या, पाळी जाईन म्हणून. तुमी इसरले. मी बी इसरले होते, रागात व्हते. आता याद आली. दोघांचं हाय ते. तुमी एकट्यानं घेऊन बसू नका. घरी या."

दादाने फोन माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तो कानाजवळ धरून बसला होता. माणसं झाडं बघत बाजूने जात होती. एका पोराने कैलासपतीचं फळ पायाने ढकललं, त्याला आई ओरडली. दादा उठला नाही.

मग तो मला म्हणाला, "तू होता ना रानात?"

मी हो म्हणालो.

"ती असं म्हणली होती का?"

वहिनी, मी काय सांगायला पाहिजे होतं? इथे बरंच खोडलं आहे. ते वाचायचा प्रयत्न करू नका, त्यात काही नाही, नुसतं "हो" लिहून खोडलं आहे चार-पाच वेळा. मला बोलायला वेळ लागला आणि तेवढ्यात त्याने ओळखलं. तो म्हणाला, "राहू दे. मला ठावं हाय. ती बांधावर व्हती. दोनदा ओरडली. मी ऐकलं व्हतं दोन्ही बारीला."

आणि मग तो रडला. इतक्या दिवसांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, करणला मांडीवर घेतलं होतं तेव्हाही नाही. रडता रडता म्हणाला, "एवढं खोटं बोलली माझ्यासाठी. तिनं शिव्या दिल्या असत्या तर आलो असतो खेमा. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी म्हणालो, "दादा, तिला राग न्हाई राहिला. ती बोलवून राहिली तुला."

तो म्हणाला, "त्येच तर."

मी खूप बोललो. मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण काल मी बोललो. बापू म्हातारे झाले म्हणालो, घर मोकळं पडलं म्हणालो, पंचांचा धाक घातला, हातापाया पडलो. तो ऐकत होता आणि मधूनच एखादं पान पुसत होता. शेवटी म्हणाला, "पंचात सांग, लालसिंगची हरकत न्हाई. तिनं दुसरं घर करावं. चांगलं माणूस असलं म्हणजे झालं. दारू पिणारा नको."

निघताना त्याने तुमचा आवाज स्वतःच्या फोनवर मागून घेतला. मी दिला. विचारायला पाहिजे होतं तुम्हाला, पण दिला.

हरिचंद मला फाट्यापर्यंत सोडायला आला. "ले नहीं जा रहा?" म्हणाला. मी मान हलवली. तो म्हणाला, "मैं ध्यान रखूँगा. खाना मैं ही बनाता हूँ, भूखा नहीं रहेगा." त्याच्यावर माझा विश्वास बसला.

खेमा


तांडा, ४ एप्रिल

वहिनी,

तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला एवढे दिवस लागले, त्याबद्दल माफ करा. "मी थांबू का भावजी? खरं सांगा. बराबर हाय म्हणू नका." एवढंच तुम्ही विचारलं होतं. मी रोज संध्याकाळी कागद घेऊन बसलो आणि रोज फाडला.

परत आल्यावर बापूंना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पोरगं जितं हाय ना?" हो म्हटल्यावर ते रानात निघून गेले. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "येईन तो. डोकं ठिकाणावर आलं की येईन. तवर सून माझी हाय, ती थांबन."

मी म्हणालो, "बापू, तिला इचारलं का?"

बापूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू दुसरंच कोणी पोरगं समोर बसलंय. "तू कवापासून बोलायला लागला रे?"

"त्यानं मला सांगितलं बापू. तो येणार न्हाई."

त्यांनी भाकरी अर्धी ठेवली. तेव्हापासून माझ्याशी बोलणं नाही. कुकर आला, हळद शिजली, दोघांनी मिळून वाळत घातली, तरी बोलणं नाही. हे तुमच्यावर ओझं म्हणून लिहीत नाही.

तुम्ही थांबलात तर मला किती बरं वाटेल, हे मी आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना ते मध्ये येणार नाही. तुम्ही गेल्यापासून ह्या घरात कोणी कोणाला टोमणा मारलेला नाही. कोणी माझ्या शर्टाच्या बटणाला हसलेलं नाही. तुम्ही परत याल म्हणून तुमचा चुलीजवळचा पाटसुद्धा आम्ही हलवलेला नाही.

पण तुम्ही खरं विचारलं आहे.

तो आजारी असता तर मी म्हणालो असतो, थांबा, बरा होईल. दुसरी बाई असती तरी म्हणालो असतो, थांबा, कंटाळेल. तसलं काही नाही. तो खातो, झोपतो, पानं पुसतो, तुमच्यावर त्याचा राग नाही, तुमचा त्याच्यावर नाही. ज्याची वाट बघावी असं मला तिथे काही दिसलं नाही. मी नीट बघितलं, वहिनी. त्यासाठीच गेलो होतो.

नका थांबू. आखितीला पाहुण्यांना येऊ द्या. माणूस दारू पीत नाही ना, एवढं तुमच्या भावांनी आधी त्याच्या गावात जाऊन विचारावं. बरोबर कोणी लागलं तर मी येईन.

पंचांना मी काल सांगितलं. दादाचं बोलणं जसं होतं तसंच सांगितलं. तांड्याचे नायक म्हणाले ठीक आहे.

तुमची लोखंडी पेटी घेऊन मी उद्या येतो आहे. बापू रानात जातील तेव्हा निघेन, म्हणजे त्यांना बघावं लागणार नाही. पेटी उघडणार नव्हतो, पण खालचा पत्रा गंजून सुटला आहे, तो ठोकायला सगळं बाहेर काढावं लागलं. लुगडी, चांदीचे वाळे, तुमचा शाळेचा दाखला होता. सगळ्यात खाली करणचे कपडे होते. ते वेगळे काढून ठेवावेत की काय, हे मला कळेना. नव्या घरी ते बघून कोणी काही म्हणेल, असंही मनात आलं. मग घड्या घालून जिथे होते तिथेच ठेवले. त्याची आई तुम्ही आहात, त्या घरीही.

औंढ्याला दुपारच्या गाडीने पोचतो. पेटी एकट्याला उचलवत नाही, तुमच्या भावाला स्टँडवर पाठवा.

खेमा